नवव्या रकान्यातली भिकी

रोज सकाळी चिंचणीच्या नाक्यावर एसटीची वाट बघताना भिकी पदराच्या गाठी चाचपायची. पायाशी टोपली, टोपलीत सुके बोंबील, जवळा, वाकट्या. आणि लुगड्याच्या पदराला चार, पाच, कधी सात गाठी. अंगठा एकेका गाठीवर थांबत जायचा. ओठ हलायचे, आवाज निघत नसे. एखादा नवखा विचारायचा, "मावशी, कोणत्या देवाचं नाव घेता?"

"रानशेतच्या हाल्याचं," ती म्हणायची. "त्याच्या मेव्हण्याला सांगायचं हाय, शेळी व्याली."

तीन भावंडं पाळण्यातच गेल्यावर ही जगली, म्हणून आईने देवाकडे भीक मागून घेतल्यासारखं नाव ठेवलं. लग्न गावातच झालं. नवरा आधी बोटीवर होता, मग तारापूरच्या एका कंपनीत वॉचमन. भिकीने मात्र तीस वर्षं आठवड्याचे चार बाजार सोडले नाहीत. आतल्या पाड्यांवरची माणसं आठवड्यातून एकदा आपापल्या बाजाराला येत. चारही बाजारांना जाणारी सुक्या मासळीच्या रांगेत ती एकटी. मग कुणी बोंबील घेता घेता म्हणे, तलासरीला माझी बहीण भेटली तर सांग, आई बरी आहे. भिकी पदराला गाठ मारी. निरोप पोचला की गाठ सुटे.

तिचे नियम दोनच होते. ज्याचा निरोप त्याच्याच कानात सांगायचा. आणि खोटं किंवा शिवी न्यायची नाही. एका बाईने नणंदेसाठी अशी सणसणीत शिवी दिली होती की शेजारची भाजीवाली पदर तोंडाला लावून हसत बसली. भिकी म्हणाली, "ती तुझी तू ने, बाय. मला टोपलीचंच ओझं लई हाय."

या भिकीचं नाव नीलमने पहिल्यांदा ऐकलं ते एका फॉर्मच्या नवव्या रकान्यात.

नीलम डहाणूची, वडील रेल्वेत. कॉलेज संपल्यावर तिला सहा महिन्यांचं कंत्राटी काम मिळालं होतं. एका परदेशी कंपनीला गावाकडच्या लोकांसाठी अ‍ॅप आणायचं होतं. पाड्याची बातमी पाड्यात, एका बोटावर. पण फोनमध्ये आधीच दोन-तीन परदेशी आणि दोन-चार देशी अ‍ॅप ठाण मांडून बसलेली. त्यात आपल्याला जागा कुठे, हे कंपनीला पाहायचं होतं. म्हणून नीलम डहाणू आणि तलासरी तालुक्यांत फिरून फॉर्म भरायची आणि जमेल त्याच्या फोनात ते अ‍ॅप टाकून द्यायची. नववा प्रश्न होता : जवळच्या माणसांची खबर तुम्हाला सध्या कशावरून मिळते? खाली नावांची यादी, शेवटी 'इतर'.

पहिल्याच दिवशी तिघांनी 'इतर'मध्ये भिकी सांगितलं. नीलमला वाटलं, असेल एखादं नवीन अ‍ॅप. चौथ्या घरी तिने विचारलं, "हे तुमच्या फोनमध्ये कुठे असतं, दाखवाल?"

घरातली बाई आधी बघतच राहिली, मग तिला हसू आवरेना. "फोनात? मावंल का ती?"

पहिल्या आठवड्याचे फॉर्म मुंबईला गेले आणि सुपरवायझर सुदर्शनचा फोन आला. "नीलम, हे भिकी काय आहे? साठातले तेवीस जण वापरतात! मी शोधतोय, कुठेच सापडत नाही. लोकल दिसतंय. पैसा कुणाचा आहे, बघ जरा."

"सर, ती मासळी विकते."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग सुदर्शन म्हणाला, "तरी माहिती काढ. एवढे लोक सांगतात म्हणजे काहीतरी असणार."

माहिती काढायला नीलम तलासरीच्या बाजारात गेली आणि पुढचे तीन बाजार जातच राहिली. भिकीला तिचं काही वाटलं नाही. रांगेत बसायला एक पोतं पुढे केलं आणि सांगितलं, "माश्या वार, फुकट बसू नको." नीलम पुठ्ठ्याने माश्या वारत बघत राहिली. भिकी गिऱ्हाइकाचा चेहरा बघायची, मग निरोप द्यायचा की थांबायचं ते ठरवायची. एका माणसाला भावाच्या आजाराची खबर द्यायची होती. त्याला तिने आधी बसवलं, पाणी दिलं, जवळा तोलला, त्याच्या बैलाची चौकशी केली, आणि तो उठता उठता सांगितलं.

"आल्या आल्या का नाही सांगितलं?" नीलमने विचारलं.

"उन्हातून चालत आलेला. आधी घाम सुकू दे की गो."

भिकीलाही नीलमच्या फोनचं भारी कुतूहल. तो ती दोन्ही हातांत धरायची, ताज्या पापलेटासारखा. "ह्याला कळतं का, कोण कुणावर रुसलंय?"

"नाही."

"मग पहिलं कुणाला सांगतो?"

"सगळ्यांना एकदम सांगतो, मावशी. तेच तर चांगलं आहे."

"एकदम?" भिकी विचारात पडली. मग तिने फोन परत दिला. "मोठं तोंड असंल त्याचं."

महिना भरत आला तशी मुंबईहून घाई सुरू झाली. अ‍ॅप दोनशे फोनांत गेलं होतं, पण त्यावर कुणी काही लिहीत नव्हतं. त्याच दिवसांत नीलम रानशेतच्या हाल्याकडे गेली. हाल्याच्या मुलीचं, संगिताचं लग्न ठरलं होतं. हाल्या पडवीत बसून आवतणाचे तांदूळ हळदीत घोळवत होता. पहिलं आवतण देवाला, दुसरं मुलीच्या मामाला, मग बाकी गावाला, अशी रीत. देवाचं झालं होतं. मामाचे तांदूळ दोन दिवसांनी, तलासरीच्या बाजाराला, भिकीबरोबर जायचे होते, कारण मामा, म्हणजे रघ्या, थेट तलासरीच्या पलीकडे हमरस्त्याजवळ राहायचा.

"केवढी पायपीट, हाल्यादादा," नीलम म्हणाली. "द्या इकडे फोन. एका मिनिटात सगळ्यांना कळवते."

हाल्याने पिवळ्या हातांनीच फोन दिला. नीलमने लग्नाचा दिवस लिहिला, दारातल्या संगिताचा फोटो काढून लावला आणि बोट टेकवलं. दोनशे फोन वाजले. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. सुदर्शनने नीलमला शाबासकी दिली.

रघ्याकडे फोनच नव्हता. तो सायकलचं चाक घेऊन हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेला होता. पंक्चरवाला पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत म्हणाला, "काय रघ्या, भाचीच्या लग्नाला कधी निघतोस? मला तर कालच आवतण आलं."

रघ्याने चाक तिथेच टाकलं आणि चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाजारात तो भिकीसमोरून गेला, पण थांबला नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच्यामागून आलेल्या बाईने सांगितलं : रघ्या म्हणतो, ज्यांनी पंक्चरवाल्याला मामा केलं, त्यांनी मांडवातही त्यालाच उभा करावा.

नीलमच्या हातातला पुठ्ठा थांबला. संगिताला मांडवात आणायची ती मामाने. मामा आला नाही तर लग्न खोळंबतं, नाहीतर जन्माची बोच राहते, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हाल्याचा फोन तिने स्वतः हातात घेतला होता.

"मावशी, मी जाऊन माफी मागते."

"तू एकटी गेलीस तर तो कुत्रा सोडंल," भिकी म्हणाली. तिने टोपलीवर फडकं टाकलं. पदराची एक गाठ चाचपली. तिच्यात हाल्याने सकाळीच दिलेले हळदीचे तांदूळ होते. "चल. आन् विचारलं तरच बोल. जे असंल तेच बोल."

रघ्या अंगणात टोपलीसाठी बांबूची कामटी सोलत होता. त्याने मान वर केली नाही. भिकी खाली बसली. तिने लग्नाचं नावही काढलं नाही. आधी रानशेतच्या शेळीचं सांगितलं, मग यंदा बोंबील कमी आलाय ते, मग रघ्याच्या बायकोला पाणी मागितलं. रघ्या सोलतच होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"भिकीबाय, तू कशाला आलीस? आवतण तर गेलं जगाला."

"कुणाला गेलं?"

"पंक्चरवाल्याला गेलं! त्या भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्याला!"

"अस्सं." भिकीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मला सांग रघ्या, तिकडं डोंगरापल्याड ढोल वाजला, तो तुला हितं ऐकू येतो ना?"

"येतो."

"मग तू जेवायला जातोस तिकडं?"

"बिना आवतणाचा कसा जाईन?"

"ढोल तर तुझ्या कानात आला."

रघ्याचा कोयता थांबला. "ढोल म्हणजे काय आवतण? ढोल काय माझं नाव घेतो?"

भिकी नीलमकडे वळली. "पोरी, तू त्या फोनात लिहिलंस ना? कुणाकुणाचं नाव घेऊन लिहिलंस?"

नीलमने आठवून पाहिलं. दिवस लिहिला होता, जागा लिहिली होती, फोटो लावला होता. "कुणाचंच नाही, मावशी."

"पंक्चरवाल्याचं?"

"नाही."

"रघ्याचं?"

"नाही. माझं चुकलं, मामा. मला वाटलं, कळलं म्हणजे झालं."

हमरस्त्यावरून एक ट्रक गेला. मग भिकीने पदराची गाठ सोडायला घेतली. ती घट्ट बसली होती. नखाने, मग दातांनी सोडवावी लागली. हळदीचे तांदूळ तिने तळहातावर घेतले.

"तो ढोल होता, रघ्या. लांबचा. सगळ्यांनी ऐकला, बोलावलं कुणालाच नाय. देवाला सोडून अजून एकाही माणसाला आवतण गेलेलं नाय." तिने हात पुढे केला. "रानशेतच्या हाल्यानं रघ्यामामाला सांगितलंय, तुझ्या भाचीचं लग्न हाय. तू ये, मग आम्ही गाव बोलावतो."

रघ्याने हात लुंगीला पुसले. तांदळाकडे बघितलं, नीलमकडे बघितलं. तेवढ्यात त्याची बायको आतून म्हणाली, "घ्या आता. कालपासून घरात भांडी आदळताय."

त्याने ओंजळ धरली.

"त्या पंक्चरवाल्याला मात्र मी सांगणार," तो म्हणाला, आणि आता त्याच्या तोंडावर हसू होतं. "बाबा रे, तुझं आवतण खोटं. माझं झालं की मग तुझं."

"ते तूच सांग. मी भांडणं नेत नाय."

दोघी हमरस्त्यावर आल्या तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. जीपची वाट बघताना भिकीने सवयीने पदर चाचपला. दोन गाठी उरल्या होत्या, डहाणूच्या. नीलमने फोन काढला, मुंबईचे तीन मिस्ड कॉल बघितले आणि पिशवीतला फॉर्म उघडला. सुदर्शनने नवव्या रकान्याखाली एक नवा प्रश्न घातला होता : भिकीत असं काय आहे जे आपल्याकडे नाही? पेन हातात धरून ती जरा उभी राहिली.

"मावशी, तुमच्याबद्दल विचारलंय. काय लिहू?"

जीप येऊन थांबली, आधीच गच्च भरलेली. भिकीने आतल्या माणसांवरून एक नजर फिरवली, दोघांना नावाने हाक मारून सरकायला लावलं आणि एक पाय वर टाकला.

"लिही काय ते," ती म्हणाली. "आधी ही टोपली मांडीवर घे. उलटी नको धरू, जवळा सांडंल."