कापलेली अकरा मिनिटे

१९९६ च्या फेब्रुवारीत एका रविवारी बारामतीच्या एका छोट्या दैनिकात माझा लेख छापून आला आणि त्यातले मुख्य विधान चुकीचे निघाले. लेख एका परदेशी रॉक बँडवर होता. विधान असे होते : 'या मंडळींच्या तेरा मिनिटांच्या रचनेत एक सेकंदही वाया गेलेला नाही.' रचना प्रत्यक्षात चोवीस मिनिटांची होती.

मी त्या दैनिकात बातमीदार होतो. बाजार समितीतले भाव, पंचायत समितीच्या सभा, कालव्याच्या पाण्याची आवर्तने आणि रस्त्यावरचे अपघात हे माझे काम. रविवारच्या पानावर संगीताचे एक सदर मला द्यायची तयारी संपादकांनी दाखवली होती. अट अशी की आधी चार लेख द्यायचे, मग ते ठरवणार. पहिला लेख मी लग्नातल्या सनई-संबळावर लिहिला, दुसरा हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर. चूक तिसऱ्यात झाली. त्या वर्षी मला त्या सदराइतके दुसरे काहीही नको होते.

ही गाणी माझ्यापर्यंत आली ती लासुर्ण्याच्या एका मित्रामुळे. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची तपासणी करायचा. गळीत हंगामाची बातमी घ्यायला मी तिथे गेलो होतो, तेव्हा तो काचेच्या नळ्यांसमोर बसून पेन्सिलीने टेबलावर ताल धरत होता. कोणता ताल, असे मी विचारले. "सात मात्रा. पुढं अकरा व्हत्यात. मोज." मला मोजता आले नाही. त्याने पुन्हा वाजवून दाखवले. बातमीतला गाळपाचा आकडा घ्यायचा मी विसरलो आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

पुण्याच्या मामेभावाने त्याला काही कॅसेट दिल्या होत्या. त्यांतले दोन बँड आमच्या वादाचे विषय झाले. त्यांची खरी नावे आम्ही बोलताना कधी वापरली नाहीत. त्याच्या आवडीचे ते 'गणितवाले' : ताल मधेच बदलणारे, ऑर्गन आणि गिटार यांचे मोजूनमापून सवाल-जबाब करणारे. माझ्या आवडीचे ते 'धूरवाले' : एकाच सुरावर रेंगाळणारे, गाणाऱ्याचा आवाज लांबून, जणू विहिरीतून येतोय असा. दिवसभर आकडे आणि नावे अचूक लिहिणाऱ्याला धूर आवडायचा. दिवसभर रसातली साखर मोजणाऱ्याला संध्याकाळीही मोजायचेच असायचे.

शनिवारी तो बारामतीला यायचा. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेताना हे ठरलेले बोलणे व्हायचे.

"मर्दा, तुझ्या धूरवाल्यांना गाणं संपवायचं कळत न्हाय. सुरू कुठं झालं ते बी त्यांना ठाव नसतंय."

"आणि तुझे गणितवाले? ते गाणं आहे का परीक्षेचा पेपर?"

"पेपरच हाय. तू नापास झालायस म्हणून वरडतोयस."

"माझ्या त्या लांब गाण्यात फुकटचं काय आहे, एक जागा दाखव."

"आरं, मधली सगळी भुणभुण! तितं मला झोप लागती."

"भुणभुण कुठं आहे त्यात?"

"तुला न्हाय ऐकू यायची. प्रेमात हायस तू."

भुणभुणीचा उल्लेख त्याने तीन वर्षांत अनेकदा केला. वादात माणूस वाढवून बोलतो, असे मी धरून चाललो. तपासले नाही.

धूरवाल्यांची माझ्याकडची प्रत मित्राच्या कॅसेटवरून इंदापूरच्या तात्यांनी करून दिलेली होती. इंदापूरच्या बाजारपेठेत त्यांचे कॅसेटचे दुकान होते. वय साठीच्या आसपास. त्यांच्या घरात एके काळी मेंढरे होती, पुढे शेती आली आणि तात्या रेकॉर्डिंगकडे वळले. जत्रेत धनगरी ओव्यांचा कार्यक्रम रात्रभर चालायचा. तात्या तो मशीनवर घ्यायचे आणि दुकानात बसून साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये बसवायचे. खोकला, माईकची शिट्टी, मंडळी चहाला उठली ती जागा, शेजारच्या जनरेटरची घरघर हे सगळे ते कापायचे आणि ढोलाच्या ठोक्यावर ठोका बसवून जोड द्यायचे. दोन मशीन, एक हेडफोन आणि थांबवायचे बटण, एवढ्यावर हे काम चालायचे. गिऱ्हाइकाला खराब टेप द्यायची नाही आणि रिकामी टेपही द्यायची नाही, हे त्यांचे दोन नियम. धूरवाल्यांच्या माझ्या कॅसेटवर त्या बाजूच्या शेवटी अकरा मिनिटे ढोल आणि ओवी होती. मूळ कॅसेटची बाजू भरलेली असताना माझ्या प्रतीत एवढी जागा कुठून उरली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. ओवी मात्र मला पाठ झाली.

लेख छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी संपवून मित्र आमच्या कार्यालयात आला. एका हातात रविवारचा अंक, दुसऱ्या हातात मूळ कॅसेट.

"पत्रकार, तेरा मिनिटं कुठनं आणलीस? मी काल घड्याळ लावून ऐकलं. चोवीस हायत."

मुलाखतींसाठी ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर आम्ही ती लावली. सहाव्या मिनिटापर्यंत सगळे ओळखीचे होते. माझ्या प्रतीत जिथे गिटार परत यायची, तिथे भुणभुण सुरू झाली. पलीकडच्या टेबलावरच्या मुद्रितशोधकांनी मान वर केली आणि विचारले, "वायर निघालीय का?" भुणभुण अकरा मिनिटे चालली. मग गिटार आली. मित्र हसला नाही. एवढेच म्हणाला, "म्हंजे तीन वर्षं आपण दोन येगळ्या गाण्यांवर भांडत व्हतो."

मंगळवारी आम्ही दोघे इंदापूरला गेलो. मी बारामतीतून एसटीत बसलो, तो लासुर्ण्याला चढला. दुकानात तात्या एका लग्नाचे रेकॉर्डिंग तपासत होते. मूळ कॅसेट पाहताच त्यांनी ओळखली.

"ही व्हय. लई खराब आल्याली टेप. मधीच जनरेटर चालू केल्याला त्यांनी. एवढी मोठी माणसं, पर जनरेटर लांब ठेवायचं सुचलं न्हाय. मी तेवढा काढला. आख्खी दुपार गेली बगा, जोड जमंना."

"तात्या, तो आवाज त्यांनी मुद्दाम ठेवलाय."

"मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मित्राकडे. "कशापायी?"

 उत्तर मित्राने दिले. त्याने हेडफोन तात्यांच्या कानावर चढवला, आम्हालाही ऐकू येईल इतका आवाज वाढवून टेप सुरू केली आणि काउंटरवर बोट आपटू लागला. "आता ऐका. धा... अकरा. चढला का न्हाय? पुना मोजा." भुणभुण एकसारखी नव्हती. दर अकरा ठोक्यांनी तिचा सूर किंचित वर जात होता. हे त्याला रविवारी, घड्याळ लावून ऐकताना सापडले होते. ज्या जागी त्याला तीन वर्षे झोप लागत होती, तीच आता त्याला सगळ्यात जास्त आवडत होती. मला त्या अकरा मिनिटांचा कंटाळा आला होता. सोमवारी आला, मंगळवारीही आला. मला आवडत होती ती तात्यांनी केलेली रचना.

तात्यांनी सगळी चोवीस मिनिटे ऐकली. हेडफोन काढून ठेवला.

"मंग माजं चुकलं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "पर जोड ऐकू आला का तुमाला?"

"नाही. तीन वर्षांत एकदाही नाही."

"मंग बरं."

त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठी एका माणसाने अख्खी दुपार घालवली आणि त्याबद्दल तीन वर्षांत अवाक्षर काढले नव्हते. याची नोंद कुठेही झालेली नाही, म्हणून इथे करतो.

परतीच्या एसटीत मित्राने सांगितले की गप्प राहिलास तरी चालेल. "ही आख्खी टेप बारामतीत न्हाय, इंदापुरात न्हाय. हाय ती फकस्त माझ्याकडं. मी कुणाला सांगनार न्हाय. सदर घे पदरात, मंग बगू." तो मनापासून बोलत होता. वादात तीन वर्षांनी मिळालेला विजय तो माझ्या सदरासाठी सोडून देत होता. त्याचेही आभार मी त्या वेळी मानले नाहीत. लासुर्णे आले आणि तो उतरला.

बुधवारी मी दुरुस्ती लिहून संपादकांच्या टेबलावर ठेवली. सहा ओळी होत्या. मी ऐकलेली प्रत संक्षिप्त होती, मूळ रचना चोवीस मिनिटांची आहे, 'एक सेकंदही वाया गेलेला नाही' हे विधान त्या रचनेला लागू करता येणार नाही, असा मजकूर. प्रत कुणी केली ते लिहिले नाही. चूक प्रत करणाऱ्याची नव्हती.

संपादकांनी वाचले. "कुणाचं पत्र आलंय?"

"नाही."

"फोन?"

"नाही. मित्राने दाखवलं."

त्यांनी लाल पेन उचलले. मजकुराच्या सुरुवातीला मी 'अनवधानाने' असा शब्द वापरला होता. तो त्यांनी खोडला आणि वर लिहिले : 'मूळ प्रत न तपासता'. बाकी काही बदलले नाही.

"चौथा लेख कधी देताय?"

"सदराचं काय, साहेब?"

"चौथा लेख आल्यावर ठरवू, असं म्हटलं होतं ना मी? तसंच आहे ते. आणि साखर कारखान्याच्या सभासदाला कळेल असं लिहा."

आपल्या बातमीदाराला माफ करतोय, असे त्यांनी बोलण्यातून जाणवू दिले नाही. हे मी पुढच्या नोकऱ्यांमध्ये फार कमी वेळा पाहिले.

दुरुस्ती रविवारी छापून आली, त्याच पानावर, त्याच जागी. चौथा लेख आम्ही दोघांनी मिळून तयार केला. लांब रचना का ऐकावी, ते मित्राने सांगितले आणि मी उतरवून घेतले. छोटी का ऐकावी, ते मी लिहिले. शेवटी कोणाचेही मत खोडले नाही. तात्यांची परवानगी घेऊन त्यांच्या कापण्या-जोडण्याच्या कामावर आणि माझ्या प्रतीतल्या शेवटच्या ओवीवर एक परिच्छेद घातला. जत्रेचा उल्लेख ठेवा, असे त्यांनी निरोपात कळवले होते. तो ठेवला.

त्या आठवड्यात तीन पत्रे आली. एक कऱ्हाटीहून, एका शिक्षकांचे : असल्या गोंगाटाला पानावर जागा देऊ नये. दुसरे बारामतीतल्या एका विद्यार्थ्याचे, त्याला अकरा मात्रांचा हिशेब समजावून हवा होता. तिसरे पणदऱ्याच्या एका ऊस उत्पादकाचे. त्यांना इंदापूरच्या दुकानाचा पत्ता हवा होता. कॅसेट छोटी चालेल, पण शेवटची ओवी त्यात असली पाहिजे, असे त्यांनी लिहिले होते.

संपादकांनी तिन्ही पत्रे माझ्या टेबलावर पाठवली. वर ठेवलेल्या पणदऱ्याच्या पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिले होते : 'दर रविवारी. सहाशे शब्द. पत्ता कळवा.'

पणदऱ्याला मी पत्ता कळवला. पाचवा लेख पुढच्या रविवारी छापून आला.