धुतलेल्या बरगड्या
'करपलं' हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही तापतं. पुण्यातल्या हॉटेलातली नोकरी सोडून मेहकरला स्वतःचं हॉटेल टाकायचं मी ठरवलं होतं, आणि बाबांना ते सांगण्याआधी त्यांना ओव्हनमधल्या डुकराच्या बरगड्या खाऊ घालायच्या होत्या. अर्धा दिवस त्या झाकून मंद आचेवर शिजवल्या. मांस हाडावरून सुटायला आलं, तेव्हा गूळ, चिंच आणि लाल तिखटाचा दाट पाक वरून फासला, आच वाढवली. पाकाला बुडबुडे आले, बरगड्या काळपट तांबड्या चमकू लागल्या. ओव्हन बंद करून, घर मायवर सोपवून मी बाबांना आणायला बसस्टँडवर गेलो. परत आलो तर घरभर फोडणीचा वास, गॅसवर पातेलं खदखदतंय आणि ओव्हनचा ट्रे घासून पालथा घातलेला. "माय, हे काय केलं?" "सारं करपलं होतं ना बाप्पा! नळाखाली चांगलं धुतलं अन् रस्सा करून टाकला. कोरडं कसं खातीन तुहे बाबा?" मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी भाकर कुस्करून दोनदा रस्सा ओतून घेतला आणि म्हणाले, "हे तं तुह्या मायच्या हातचं हाय. तू काय केलं?" हॉटेल मी टाकलंच. काल बाबा पहिल्यांदा तिथं जेवायला आले. चकचकीत बरगड्यांचं ताट मी स्वतः त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ निरखलं, आणि रिकामी वाटी हळूच माझ्याकडे सरकवली.