मडक्यावरची रोटी आणि आईचा खांदा

आईला आराम मिळावा म्हणून मी तिचं रोट्या भाजायचं मडकं शेजारच्या काकूंना देऊन टाकलं. तिला न विचारता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मला बढती मिळाली होती, घरात नुकताच गॅस आला होता आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं माझं वय होतं. आमच्याकडे लांब रोटी व्हायची. कणीक सैलसर भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला ताण आणायचा, मग दोन्ही हात वर धरून या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. साठी उलटलेल्या बाईनं ही कुस्ती कशाला खेळायची? मी वेताची खुर्ची आणली. बस म्हणालो. ती बसली.

हिवाळा सरता सरता तिचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना, अंबाडा घालता येईना. उभ्या जन्मात कुणाला केसांना हात लावू न दिलेली बाई रोज सकाळी केस मोकळे सोडून काकूंची वाट पाहू लागली. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, नाहीतर असाच राहील. भिंतीवर बोटं चढवत न्या. मी लगेच खडूनं भिंतीवर रेघा मारून दिल्या. आईनं एकदा करून पाहिलं आणि सांगितलं, भिंतीवर चढायला ती काही पाल नाही.

मग ती दुपारची घरात दिसेनाशी झाली. काकूंकडे जाते म्हणायची. एका दुपारी त्यांच्या परसातून धप धप आवाज आला म्हणून डोकावलो, तर चूल पेटलेली आणि आई परातीत कणीक आपटतेय.

"हे काय करून राहिली तू?" मी ओरडलोच.

ती आपटतच राहिली. काकूंनीच सांगितलं, बरेच दिवस चाललंय. आधी नुसती कणीक आपटायची, मग लहानशी रोटी, आता ही. आईनं गोळा हातावर घेतला. उजवा हात खांद्याशी आला, कानाशी अडला, तिनं ओठ आवळले, आणि तो वर गेला. रोटी लांबत लांबत मडक्यावर पडली.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर तो मी कसला. यात काय एवढं, म्हणत मीही एक गोळा उचलला. अर्धा शर्टाच्या बाहीत शिरला, अर्धा राखेत पडला. काकू हसता हसता खालीच बसल्या.

आईनं हात धुतले, रोटी झेलताना सुटलेले केस गोळा करत दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा आपला अंबाडा आपण घातला. फणी आणायला उठलेल्या काकू परत खाली बसल्या. मी बाहीतली कणीक खरवडत गंभीरपणे म्हणालो, डॉक्टरांचा व्यायाम लागू पडला म्हणायचा.

आई माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाली, "माह्या हाताचं तं झालं वं बाई. आता याच्या डोक्याचं कोनाले दाखवू?"