पंचफुलाबाईंचं बोट

“चौतीस टक्के,” मी म्हणालो आणि पंचफुलाबाईंच्या लेकीचं तोंडच उतरलं.

दिव्यांगांच्या योजना मिळायला किमान चाळीस टक्के बहिरेपण लागतं. चौतीस म्हणजे पेन्शन नाही आणि कानाचं मशीनही नाही. रिपोर्ट सही करून मी दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या सरांकडे पाठवूनही दिला होता.

“सर, माह्या मायले ढग गरजला तरी समजत नाई,” लेक वैशाली म्हणाली. “आठ दिवसानं माहं लगन हाय. मी उमरखेडले चालली. मंग माय कोनाच्या कानानं ऐकन?”

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे लोकांना किती ऐकू येतं ते मोजणारा. यवतमाळात तीस वर्षं तेच केलं. आता रिटायर झालो, पण त्या तपासणीच्या खोलीतल्या जुन्या फोमचा आणि स्पिरिटचा वास अजून नाकात आहे. खरं सांगतो, घरी करमत नाही.

टेस्ट साधी असते. पेशंटला हेडफोन लावून बूथमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज न येणाऱ्या छोट्या खोलीत बसवायचं. आपण बाहेरून बटन दाबून बारीक-मोठा आवाज सोडायचा. ऐकू आलं की त्यानं बोट वर करायचं. आपला हात दिसू नये म्हणून त्याची पाठ आपल्याकडे.

सोंगाडे पकडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ठार बहिरा म्हणून आलेल्याच्या मागं जाऊन हळूच म्हणायचं, “दादा, पायाजवळ विंचू!” गडी टुणकन उडायचा. त्याच तोऱ्यात मी वैशालीवर खेकसलो, “मशीन काय खोटं बोलते?”

पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. मग मीच वरमलो आणि खात्रीसाठी बाईंना परत बसवलं. तेवढ्यात चहा आला. मी कप उचलला. बटन दाबलंच नव्हतं.

पंचफुलाबाईंनी बोट वर केलं.

मी कप ठेवला. परत बोट!

अरे बाप्पा! वाकून बघतो तर बाईंच्या समोरच्या बूथच्या काचेत माझा हात आरशासारखा लख्ख दिसत होता.

वैशालीनं खुणांनी मायला विचारलं. बाई ओशाळून हसल्या. “साहेब हात हालवून राह्यले, म्हंजे वाजतच असन. बोट नाई केलं तं साहेबाले बेकार वाटन ना! आन् लोकं बयरी म्हन्तेत, म्हनून मी साऱ्यायलेच हो म्हन्ते.”

हसावं की रडावं, मला कळेना. तसाच सरांकडे गेलो.

सर वैतागले. “सही तुमची आहे. आता आकडा बदलला तर लोक म्हणतील, रडलं की टक्के वाढतात. त्यांना नागपूरला मोठ्या टेस्टला पाठवा.”

“तिथली तारीख मिळेस्तोवर पोरगी सासरी जाईल, सर. मग बाईंना कोण नेणार?”

“मग पहिला रिपोर्ट चुकला असं लिहून द्याल? तुमच्या अक्षरात?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी लिहिलं नव्हतं. दोनदा पेन खाली ठेवला. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? शेवटी लिहिलं: ‘पहिली तपासणी माझ्या चुकीमुळे ग्राह्य धरू नये.’ काचेवर पेपर चिकटवला, सरांना शेजारी उभं केलं आणि पुन्हा टेस्ट घेतली. मी बटन दाबत राहिलो, आवाज वाढवत राहिलो. बाईंचं बोट मांडीवरून हलेना; अगदी मोठ्या आवाजाला कुठं ते वर आलं.

बासष्ट टक्के निघाले. सरांनी सही केली. लग्नाला मी गेलो तेव्हा पंचफुलाबाईंच्या कानात मशीन नव्हतं, ते नंतर मिळालं. पण सर्टिफिकेट त्यांनी सगळ्या पाहुण्यांना दाखवलं.

न ऐकण्याचं सोंग पकडायला मी शिकलो होतो. ऐकू येण्याचंही सोंग असतं, हे त्या बाईंनी शिकवलं. खोलीची आठवण आली की ती काच आधी आठवते. पंचफुलाबाई यायच्या आधी अकरा वर्षं ती तशीच होती. तिच्यासमोर बसून, माझ्या हाताकडे बघून, माझं मन राखायला किती जणांनी बोट वर केलं असेल? आणि मी त्यांना म्हणालो, “चांगलं ऐकू येते तुम्हाला. जा घरी.”