दोन राखाडी आणि आमच्या आई

गेल्या रविवारी सासूबाईंना घेऊन पेणला गेले होते. येताना एसटीत खिडकीशी बसलेल्या त्यांच्याकडे मी सारखी बघत होते... त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, म्हणून हे लिहितेय.

आम्ही रोह्याला लागून वरशाला राहतो. मिस्टर कंपनीत शिफ्टला असतात आणि मी घरून एक छोटं ऑनलाइन दुकान चालवते... एकमेकांत जोडायच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन मार्केटप्लेसवरून मिसळलेले ठोकळे किलोवर घ्यायचे, धुवायचे, कुठला पार्ट कुठला ते ओळखायचं आणि सुटे विकायचे. ज्याच्या सेटमधला तुकडा हरवलाय, त्याला तो माझ्याकडे मिळतो.

ओळखणं हेच खरं काम. काही तुकड्यांच्या पोटात बारीक नंबर असतो, तो भिंगातून दिसतो. काहींना नसतोच, मग अशा पार्टांची यादी देणाऱ्या साइटवरच्या फोटोंशी ताडून बघत बसायचं.

गुडघे दुखायला लागले तशा सासूबाई गावच्या घरून, निडीहून, आमच्याकडे राहायला आल्या. सगळं आयुष्य भातशेतीत आणि वाल पेरण्यात गेलेलं, नुसतं बसून राहणं त्यांना जमेना. एक दिवस आपणहून ठोकळ्यांचं घमेलं पुढ्यात ओढलं आणि निवडायला लागल्या. पार्टचे नंबर त्यांना वाचता येत नाहीत... पण आकार बघून असे ढीग लावायच्या की माझं अर्धं काम तिथेच व्हायचं.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी राखाडी तुकड्यांचे दोन ढीग केले. मी म्हटलं, "आई, हे सगळं एकच आहे."

"नाय गो, दोन जाती हायत ह्या."

मला पार्सलं पाठवायची घाई होती. "जुने झालेत म्हणून पिवळट दिसतात. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं," असं म्हणून मी दोन्ही ढीग एका डब्यात ओतले.

 दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घमेल्याला हात लावला नाही. मी विचारलं तर "डोळे दुखतात" एवढंच... मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्याच आठवड्यात पेणच्या एका सरांची ऑर्डर आली. सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्या मुलीचा लहानपणीचा किल्ल्याचा सेट त्यांनी पुन्हा उभा करायला घेतला होता. मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येणार होती, सोबत तिची छोटी लेक... आणि किल्ल्याच्या पुलाला सहा राखाडी बिजागऱ्या कमी पडत होत्या. मी त्याच डब्यातून सहा काढून पाठवल्या.

चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला. आकार बरोबर आहे, पण तीन बिजागऱ्या रंगाला जुळत नाहीत, डोळ्याला खुपतात. आणि मुलगी यायला फक्त दहा दिवस उरलेत.

मी साइटवर शोधायला बसले. तिथे कळलं... हे ठोकळे बनवणाऱ्यांनी मधे कधीतरी राखाडी रंगच बदलला होता. जुना पिवळसर झाकेचा, नवा निळसर... म्हणजे दोन जाती.

तो डबा घेऊन मी आईंपुढे बसले. म्हटलं, "आई, तुमचं बरोबर होतं. मी चुकले आणि नको ते बोलले." त्यांनी डब्यातला एक तुकडा उचलून उलटा केला. "उन्हानं पिवळा पडला तर वरून पडंल. हा आतून पण तसाच हाय, बघ."

मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"तू ऐकत व्हतीस कुठं?"

एवढंच म्हणाल्या आणि डबा पुढ्यात ओतला. जेवणाच्या वेळेपर्यंत पुन्हा दोन ढीग तयार होते. मी उजेडात दोन्हीकडचे मूठ मूठ तुकडे उलटे करून ताडून बघितले. एकही चुकलेला नव्हता.

या वेळी पार्सल नको, हातानेच देऊ म्हटलं. आईंनाही चला म्हटलं. नाही होय करत त्या तयार झाल्या.

सरांच्या घरी टेबलावर किल्ला मांडलेला होता. आईंनी पिशवीतून तीन बिजागऱ्या काढून दिल्या, सरांनी त्या बसवल्या. पूल वर गेला, खाली आला... रंग तंतोतंत. सर हसले. पण आई अजून किल्ल्याकडेच बघत होत्या.

"ह्या भिंतीतले दोन पण ह्यातले नायत," त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

सर म्हणाले, "नाही हो, हे तर सगळे एकसारखे..." आणि थांबले. दोन्ही ठोकळे काढून दारातल्या उजेडात नेले, उलटसुलट करून बघितले. मग आठवलं त्यांना... ते दोन त्यांनी मागे दुसऱ्या कुणाकडून तरी मागवले होते.

ते आत आले, आईंसाठी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "आजी, बसा," म्हणाले. "आयुष्यभर पोरांना रंग शिकवले मी. मला हा फरक तुम्ही दाखवल्यावर दिसला."

आई पदर सावरून बसल्या. लाजल्या थोड्या. म्हणाल्या, "सवय हाय नजरेला."

मी बाजूला उभी होते. याच माणसाला मी "तुम्हाला नाही कळायचं" म्हटलं होतं, हे आठवत होतं.

त्या दोन ठोकळ्यांच्या जागी लावायला योग्य ठोकळे सोमवारीच कुरिअर केले. परवा सरांनी किल्ल्याचा फोटो पाठवला. त्यांची नात पूल उचलतेय आणि मागे तिची आई डोळे पुसतेय.

माझ्या दुकानाच्या पानावर इतके दिवस माझं एकटीचं नाव होतं. आता तिथे दोघींची आहेत... त्यांचं वर, माझं खाली.