उपटलेली नर रोपं

बाबा गेल्यापासून पपई विकत आणावी लागते. कापायला घेतली की सुलतानपूरचं आमचं पपईचं वावर आठवतं, आणि स्वतःचा रागही येतो.

मला नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्री शेवाळाच्या प्रयोगशाळेत. "शेवाळातबी नर-मादी असते काय?" बाबांनी फोनवर विचारलं होतं. असते, पण कोवळेपणी डोळ्यांना ओळखू येत नाही. म्हणून कणभर तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा आणि नराची जनुकीय खूण सापडते का ते पाहायचं. मग नर एका बाटलीत, मादी दुसरीत.

बाबांना हे भारी आवडलं, कारण त्यांचंही दुखणं तेच. ते घरच्याच बियांची पपई लावत. नर कोणता ते फूल आल्याशिवाय कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावायची, काही महिने तिघांनाही पोसायचं आणि मग नर उपटायचे. पोसलेलं झाड उपटलं की त्या दिवशी बाबा अर्ध्या भाकरीवरच उठत.

झालं, माझ्या अंगात आलं. उन्हाळ्यात घरी जाऊन पिशव्यांतल्या रोपांना नंबर लावले, पानांचे तुकडे नेले, साहेबांना विचारून तपासले आणि फोनवर नरांचे नंबर वाचून दाखवले. "हे सगळे उपटा."

"सगळे?"

"हो, सगळे. ठेवता काऊन?"

"बरं," बाबा म्हणाले. पोरगी पानावरून नर ओळखते, असं ते गावभर सांगत होते म्हणे. मी फुशारले.

दिवाळीत गेले तर सकाळी बाबा घरात नाहीत. "नाल्यापल्याडच्या वावरात गेले," आई म्हणाली. "रोज जातेत, नराची फुलं आणाले."

मी आमच्या वावरात गेले तोवर बाबा तिथं परतले होते. रुमालातलं एकेक फूल काढून ते मादीच्या फुलांना टेकवत होते. दहा मादींमागं एक नर ठेवावा लागतो, नाहीतर फळ धरत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. प्रयोगशाळेत शेवाळाचे नर मी जिवापाड जपत होते, आणि घरचे झाडून सारे उपटायला लावले. शरमेनं मला रडूच आलं.

"बाबा, तुम्हाले माहीत होतं. मंग मले टोकलं काऊन नाही?"

"तू एवढी शिकलेली. मले वाटलं, नराबिगर फळ धरायची काही नवी सोय निघाली असन." त्यांनी पुढचं फूल उचललं. "मंग फुलं गळाले लागली, तवा समजलं. कोणाले बोललो नाही. पल्याडच्याले सांगतलं, फुलं देवाले लागतात. तुले कोणी विचारलं त तूबी तेच सांगजो."