भिंतीपलीकडचे तीस व्होल्ट

वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं, भांडी वाटून घेतली, आणि मग अँप्लिफायर वाटून घेतला. पहिल्या दोन गोष्टी कुठल्याही घरात होतात. तिसरी फक्त याच घरात झाली. वडिलांनी स्वतः बनवलेल्या त्या स्टीरिओ अँप्लिफायरमध्ये डाव्या आवाजाची पट्टी वेगळी होती आणि उजव्या आवाजाची वेगळी. वाटणी करायला आलेले मामा म्हणजे उंटावरचे शहाणे. त्यांनी सुतार बोलावला, लाकडी खोकं करवतीने मधोमध कापायला लावलं, डावा भाग थोरल्याला दिला आणि उजवा धाकट्याला. स्पीकरही त्याच हिशेबाने गेले. टेपडेक धाकट्याकडे आला, म्हणून कॅसेटी थोरल्याकडे. राहिला तो दोन्ही भागांना वीज पुरवणारा सप्लाय. तो एकच होता, लोखंडी होता, आणि सुताराने त्याला हात लावायला नकार दिला. मग तो धाकट्याच्या खोलीत ठेवला, मधल्या भिंतीला भोक पाडलं आणि विजेच्या व टेपडेकच्या तारा पलीकडे नेल्या. भोक कॅसेट जाईल एवढं ठेवलं.

तेव्हापासून गल्लीत थोरल्याला डावे म्हणतात आणि धाकट्याला उजवे. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, या घरात राजकारण फार आहे.

भांडणाचं मूळ म्हणाल तर अँप्लिफायरवरचं एक बटण. आवाज डावीकडे जास्त जावा की उजवीकडे, हे त्या बटणाने ठरायचं. थोरला डावीकडच्या खुर्चीत बसायचा, धाकटा उजवीकडच्या, आणि दुसरा गुपचूप बटण आपल्या बाजूला फिरवतो अशी दोघांचीही खात्री होती. त्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं थांबलं ते नऊ वर्षं थांबलं. दोघांच्या बायका मात्र रोज एकमेकींकडे जात होत्या, भाजी निवडत होत्या, आणि आपापल्या नवऱ्याला हसत होत्या.

उजवे चष्मे दुरुस्त करायचे. कोपऱ्यावर त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. सैल झालेल्या काड्या, हरवलेले स्क्रू, वाकलेल्या फ्रेमी, हे त्यांचं जग. बारीक पेचकस धरावा तर उजव्यांनीच. संध्याकाळी बरोबर सात वाजता ते घरी खुर्चीत बसायचे. भिंतीच्या भोकातून एक कॅसेट सरकत यायची. ती लावली की उजव्यांना प्रत्येक गाण्याची उजवी बाजू ऐकायला मिळायची. द्वंद्वगीत असलं तर पुरुष प्रश्न विचारायचा आणि बाईचं उत्तर भिंतीपलीकडे निघून जायचं. सुरुवातीला ते पुसटसं ऐकू तरी यायचं. पुढे तेही बंद झालं. तेवढंसुद्धा आपल्याला मिळू नये म्हणून दादाने आवाज मुद्दाम बारीक केला, असं उजव्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं.

आणि मग एका संध्याकाळी सप्लायमधून धूर आला. आठ दिवसांपूर्वीच थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं होतं की डावे महिनाअखेर मुलीकडे राहायला जाणार, दुसऱ्या शहरात, कायमचे. उजव्यांनी तेव्हा एक फ्रेम वाकवून मोडली होती. सप्लाय जळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बाजारात गेले आणि रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या, पॉवर सप्लायचा किट घेऊन आले.

बायकोने टेबलावरचा पसारा पाहिला. बोटभर जाडीचे कपॅसिटर, उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखदार तुकडे, छापील सर्किटची हिरवी पाटी, आणि एक माहितीपुस्तक.

"दादा बारा दिवसांनी जाणार," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांच्याशी बोलायचंय. त्यासाठी एवढं सोल्डर कशाला जाळताय? दार इकडून बारा पावलांवर आहे."

उजवे म्हणाले की वाटणीच्या कागदात सप्लाय सामायिक लिहिला आहे, तो चालू ठेवणं ही आपली जबाबदारी आहे, आणि बोलण्याचा इथे काही संबंध नाही. हे सगळं खोटं होतं. त्यांना दादा जाण्याआधी एकदा त्याच्या तोंडून "चाललं बघ" एवढं ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं, असं ते स्वतःला सांगत होते.

पाच दिवस त्यांनी डोळ्यात तेल घालून काम केलं. कपॅसिटर उलटा बसला तर बार उडतो असं पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून प्रत्येक कपॅसिटर तीनदा तपासला. पहिल्यांदा चालू करताना वायरीत मधे एक दिवा जोडला. कुठे चूक असेल तर दिवा पूर्ण पेटतो, नसेल तर क्षणभर उजळून मंद होतो. बायकोला दाराआड उभं केलं आणि स्वतः चष्म्यावर चष्मा चढवला. दिवा उजळला, मंद झाला, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

आता राहिलं जुळवणं. पाटीवर दोन निळे प्रीसेट होते. त्यांचा इवलासा स्क्रू फिरवला की व्होल्टेज वर-खाली व्हायचं. पुस्तकात लिहिलं होतं की दोन्ही बाजू, अधिक आणि उणे, तीस व्होल्टवर ठेवा, बत्तीसच्या वर जाऊ देऊ नका. उजव्यांनी मुंगीच्या पावलांनी स्क्रू फिरवत दोन्हीकडे तीस आणले. पुस्तकात पुढे असंही होतं की तार लांब असेल तर दुसऱ्या टोकालाही मोजावं. दुसरं टोक दादाच्या घरात होतं. त्या एका वाक्यासाठी उजव्यांनी किटवाल्याचे मनोमन आभार मानले.

मोजणी अशी झाली. उजवे भोकापाशी उभे राहून बायकोला म्हणाले, "त्यांना सांग, मोजायला." पलीकडे सगळं ऐकू गेलं होतं, तरी बायकोने ते भोकात तोंड घालून जाऊबाईंना सांगितलं, आणि जाऊबाईंनी दोन हातांवर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं. डावे निवृत्त मुद्रितशोधक. तीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका लाल शाईने काढल्या. त्यांचा मीटर वडिलांच्या वेळचाच, डिजिटल, जपून ठेवलेला.

"त्यांना सांग, चौतीस आहेत," पलीकडून आवाज आला. "कमी कर म्हणावं."

उजव्यांच्या मीटरवर तीस होते. त्यांनी अर्धा फेरा कमी केला. पलीकडून तेहेतीस. आणखी कमी केला. पलीकडून बत्तीस. असं करता करता उजव्यांकडे साडेसव्वीस उरले तेव्हा कुठे डाव्यांकडे तीस झाले.

इथून पुढचे तीन दिवस या घरात जे चाललं ते कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. उजवे दुकानात निघताना स्क्रू हळूच तिसावर आणायचे. ते कोपऱ्यावर पोचायच्या आत जाऊबाई धापा टाकत मागून यायच्या. "भाऊजी, हे म्हणतात चौतीस झाले. कमी करून जा." उजवे परत यायचे. भोकातून कागदाच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. पुस्तकातलं तीस व्होल्टचं वाक्य उजव्यांनी उतरवून पाठवलं, तर ते लाल शाईत दुरुस्त होऊन परत आलं. अक्षर गिचमीड असल्याचा शेराही होता. उजव्यांनी बायकोला सांगितलं की दादाने मला सदैव पाण्यात पाहिलं, आता जाता जाता माझे साडेतीन व्होल्टसुद्धा त्याला बघवत नाहीत. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून उगाच पुसायला घेतला. बायकोला हसू येत होतं, तेही थांबलं.

डावे जायला चार दिवस उरले. पलीकडे खोकी बांधायचा चिकटपट्टीचा करकर आवाज सुरू झाला. तेव्हा दोघी जावा कुणालाही न विचारता उठल्या आणि उजव्यांचं टेबल सप्लायसकट बाहेर सामायिक पडवीत आणून ठेवलं. एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. पडवीबद्दल काही ठरलं नव्हतं.

टेबलाच्या अलीकडे उजवे आपला मीटर घेऊन, पलीकडे डावे आपला घेऊन. वरच्या मजल्यावरचा टपालवाला सायकल खांद्यावर घेऊन मधून गेला आणि वर पोचेपर्यंत मागे वळून पाहत होता. नऊ वर्षांत उजव्यांनी दादाला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. दादाच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली होती. हाकेच्या अंतरावर भावाचं दुकान असताना माणूस दोरा बांधून फिरत होता. उजव्यांना राग आला आणि वाईटही वाटलं, आधी काय वाटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोन्ही मीटरांच्या तारांच्या टोकाच्या सुया एकाच जागी टेकवल्या. एकावर तीस, दुसऱ्यावर चौतीस.

मग जाऊबाईंनी टॉर्चमध्ये घालायचा नवा कोरा सेल आणून टेबलावर ठेवला. तो दीड व्होल्टचा असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उजव्यांच्या मीटरने दीडच्या किंचित वर दाखवलं. डाव्यांच्या मीटरने पावणेदोनच्याही पुढे उडी मारली. डाव्यांनी मीटर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं एक चिमुकलं चित्र लुकलुकत होतं. मीटरच्या आतली बॅटरी संपत आली होती, आणि अशा वेळी तो सगळंच वाढवून सांगतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हातातलं मुसळ दिसलं नव्हतं.

डाव्यांनी मीटर टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. मधे कुणालाही न घालता, सरळ भावाकडे बघून. उजव्यांनी घरातून नवी बॅटरी आणली आणि दादाच्या मीटरमध्ये बसवून दिली. दोन्ही मीटर तिसावर आले. आता तुझा भाग जोडून ऐकून बघ, असं उजवे म्हणाले. डावे म्हणाले की राहू दे. उजवे म्हणाले की चार दिवसांत जाणार तर एकदा ऐकून तर जा. डावे पुन्हा म्हणाले, राहू दे. यात उजव्यांना जुना तिरसटपणा दिसला आणि ते हट्टाला पेटले. "मीच जोडतो," म्हणत तारा हातात घेतल्या आणि तरातरा दादाच्या घरात शिरले.

भोकाखालच्या टेबलावर अँप्लिफायर नव्हता. तारांच्या टोकाला लाकडी फळी होती आणि तिच्यावर मोटारीचे पाच छोटे दिवे ओळीने बसवले होते. अँप्लिफायरचा डावा अर्धा भाग माळ्यावर, खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. स्पीकरवर जाऊबाईंनी कुंडी ठेवली होती.

"माझी पट्टी तिसऱ्याच वर्षी जळली," मागून डावे म्हणाले. "त्यातले भाग आता मिळत नाहीत."

"मग हे दिवे?"

"जुना सप्लाय होता. एका बाजूचा भार, म्हणजे वीज खाणारं काही, निघालं की व्होल्टेज चढायचं. माझी पट्टी गेली, तुझीही गेली असती. म्हणून रोज सातला दिवे लावायचो. तू गाणी बंद केलीस की काढायचो."

उजव्यांनी मनातल्या मनात बोटं मोजली. सहा वर्षं. म्हणजे परवाचे चौतीस व्होल्टही दादाला आपल्या पट्टीसाठीच खुपत होते. "मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"बोलत कुठे होतो आपण?"

"आणि कॅसेटी?"

याचं उत्तर जाऊबाईंनी दिलं. म्हणाल्या, रोज दुपारी खोक्यासमोर बसून निवडतात, भाऊजींना कुठली आवडेल ती. कालची आज दिली तर चालेल का, हे मला विचारतात. डावे त्यांना गप्प बस म्हणाले, पण तोवर सांगून झालं होतं.

डावे टेबलापाशी आले. उजव्यांच्या हातातल्या, पडवीतल्या सप्लायच्या तारा त्यांनी फळीला जोडल्या, पाचही दिवे पेटले; मग एक तार सोडवली, दिवे विझले. नव्या बॅटरीचा मीटर तारांच्या टोकांना लावला. तीस. तार पुन्हा जोडली, दिवे पेटले. तीसच. माहितीपुस्तकात लिहिल्याप्रमाणे भार असो वा नसो, आकडा तसूभर हलत नव्हता. उजव्यांच्या हातची पहिलीच वस्तू, आणि इतकी चोख झाली होती.

"छान केलास," डावे म्हणाले. "आता मी गेलो तरी तुझं काही बिघडणार नाही."

उजव्यांनी मीटरकडे पाहिलं. मग दादाच्या चष्म्याकडे पाहिलं.

"बिघडेल," ते म्हणाले.